गोठ्यांच्या मातीची टेकडी

तरसखडी स्टेशनचा फलाट जिथे संपतो तिथून चाळीस-पन्नास पावलांवर एक मातीची टेकडी आहे. टेकडी म्हणायचे इतकेच. उंची दीड पुरुष, घेर एखाद्या मोठ्या खळ्याएवढा. भोवतालचा सगळा माळ पांढरट आणि मुरमाड, कुसळाशिवाय काही न उगवणारा. आणि मधोमध ही काळीभोर, तेलकट माती, भर उन्हाळ्यातही हिरवी. नवखा माणूस विचारतो, रूळ टाकताना उरलेला भराव का हा? मग तात्याबा गलांडे आधी स्वतःच्या वहाणा काढून बाजूला ठेवतात. याच स्टेशनात त्यांनी तीस वर्षे रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी केली आणि आता त्याच फलाटावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव दाखवतात.

"भराव न्हाई," ते म्हणतात. "ह्यो आमच्या गावाचा गोठा हाय. बसा सावलीला."

आणि मग ते सांगू लागतात.

साल कुणालाच नक्की सांगता येत नाही. दुष्काळाचे तिसरे वर्ष होते आणि गावाला रेल्वे येऊन चौथे, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे. विहिरींचे तळ दिसत होते, कडबा केव्हाच संपला होता, लोकांनी घरांवरची पाचटसुद्धा उतरवून गुरांपुढे टाकली होती. गावात एकशे पन्नास जनावरे उरली होती. सगळी खिल्लार, पांढरी, उंच शिंगांची, एरवी ज्यांच्याकडे बघून परगावचा माणूस वाटेत थांबायचा. आता त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्यांची गत झाली होती.

ही गुरे वळायचे काम ठकाईकडे होते. ठकाई धनगराची लेक आणि धनगराचीच सून. तिचा नवरा गावचा गुराखी होता. तो पटकीत गेला तेव्हा त्याची काठी तिने उचलली. बाईमाणसाने गावची गुरे राखायची हे आधी कुणाला रुचले नाही, पण दुसरे कुणी पुढे आले नाही म्हणून ते तसेच चालत राहिले. सकाळी घराघरांतून गुरे सोडायची, माळावर न्यायची, दिवस कलला की गावाच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायची. त्या हाकेवर प्रत्येक जनावर आपापल्या दाराशी जाऊन उभे राहत असे. गावात तिला कुणी काही विचारत नसे. गुरांना मात्र तिच्याशिवाय चालत नसे.

एके दिवशी स्टेशनमास्तर स्वतः चावडीवर आले. रेगो मास्तर गोव्याकडचे, उंच, सडपातळ, बोलायला हळू. त्यांनी निरोप आणला तो ऐकून चावडी उभी राहिली, असे सांगतात. सरकारने घाटाखालचे जंगल दुष्काळी गुरांना मोकळे केले होते. तिथे गुडघाभर गवत होते, वाहता ओढा होता. पायी जायला बारा दिवस लागले असते, आणि वाटेत ना चारा ना पाणी, म्हणजे निम्मी गुरे वाटेतच पडली असती. पण रेल्वेचे तेरा रिकामे डबे येणार होते. एकदा चढली की एका रात्रीत गुरे गवतात उभी राहिली असती.

"एक गोष्ट ध्यानात घ्या," मास्तर म्हणाले. "डबे उद्या सकाळी सातला येतील. दुपारी बाराला मागून मेल येते. आपल्याकडे रूळ एकच. त्याच्या आत गाडी निघाली पाहिजे. गुरं चढली तर चढली, नाही चढली तर गाडी रिकामी पुढं जाईल. पुढच्या गावांचीही गुरं वाट बघताहेत. पुन्हा डबे मिळतील असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळे गाव स्टेशनात होते. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला होता, गायींच्या कपाळी कुंकू होते. म्हातारी माणसे कुणाकुणाच्या पाठीवर बसून आली होती. गाडी आली तेव्हा तिच्या धापा ऐकून निम्मी गुरे उधळली आणि निम्मी माणसेही दोन पावले मागे सरली, मग एकमेकांकडे बघून हसली. कितीतरी दिवसांनी गाव हसत होते. आठ माणसांनी संभू पाटलांचा बैल माल चढवायच्या धक्क्यावर आणला. गावातला पहिला मान त्याचा. त्याने डब्याच्या फळीवर पुढचा एक पाय टाकला, नाक खाली केले, आणि असा मागे सरला की धरणारे आठही जण धक्क्यावर आडवे झाले.

दुसरा आणला, तिसरा आणला. तेच. कुणी डोळ्यांवर पटका बांधला, कुणी पुढे गूळ धरला, कुणी शेपूट पिळली. शेवटी शेवटी लोक मारू लागले. एक खोंड धक्क्यावरून खाली कोसळला आणि त्याचे शिंग मुळापासून निघाले. त्याचे रक्त बघून बायका रडू लागल्या. दहा वाजले तेव्हा तेराही डबे रिकामे होते.

ठकाई एवढा वेळ गुरांच्या मागे उभी होती. पुढे ये असे तिला कुणी म्हटले नव्हते. पण तिचे डोळे माणसांकडे नव्हते. प्रत्येक जनावर नेमके केव्हा मागे फिरते ते ती बघत होती. इंजिनाची वाफ सुटली तरी फिरत नव्हते, फळी वाजली तरी फिरत नव्हते. नाक खाली गेले की फिरत होते. मग ती गर्दीतून वाट काढत पुढे आली, डब्यात चढली आणि चारचौघांदेखत गुडघे टेकून तिने फळ्यांना नाक लावले.

"ठके, खुळी झालीस का काय?" संभू पाटील खालून म्हणाले. "उतर खाली."

ती उठली आणि डब्याच्या दारात आली.

"पाटील, ह्या डब्यातनं कातडी गेल्याती," ती म्हणाली. "मेलेल्या गुरांची कातडी. वास मुरलाय फळ्यांत. आपली गुरं कशी चढतील?"

मास्तरांनी गार्डाकडे पाहिले. गार्डाने कागद काढले, बोट फिरवले आणि मान हलवली. मागच्या तीन खेपा डब्यांतून कातडीच गेली होती. त्या साली सगळ्या मुलखातून तेवढा एकच माल भरभरून जात होता.

पाण्याने धुवावे तर गावात पाणी नव्हते. राख टाकावी तर वास झाकणार नव्हता. लोक खाली बसले. पाटलांनी पटका काढून मांडीवर ठेवला. ठकाई डब्याच्या दारात उभी होती, आणि समोर तिची एकशे पन्नास गुरे तिच्याकडे तोंड करून उभी होती. तिला पुढे अनेकांनी विचारले, तुला सुचले कसे? ती म्हणायची, "मला न्हाई सुचलं. चांदी गाय माझ्या लुगड्याला नाक लावून उभी हुती. लुगड्याला गोठ्याचा वास हुता. तिनंच सांगितलं."

"गोठ्याची माती आना," ठकाई म्हणाली. "आपापल्या गोठ्याची. समद्यांनी. चार बोटं थर टाकू डब्यांत. तिच्यावर गुरं उभी ऱ्हातील."

कुणी उठले नाही. आज ऐकणाऱ्याला याचे नवल वाटते. पण गोठ्याची जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेण-गोमूत्र मुरलेली, बडवून सारवलेली घरची लक्ष्मी. ती उकरून गावाबाहेर घालवली तर घरात पुन्हा दावण भरत नाही, अशी समजूत होती. त्या तीन वर्षांत लोकांनी भांडी विकली, दागिने विकले, पण गोठ्यात कुदळ कुणी मारली नव्हती.

"आणि माती गेली ती गेलीच, मग?" पाटील म्हणाले. "गुरंबी गेली आन्‌ गोठाबी गेला. कुणी यायचं सांगायला?"

तेव्हा ठकाईने जे म्हटले ते गावात सगळ्यांना पाठ आहे.

"मी जाते गुरांसंगं. मी मागारी आनीन. गुरंबी आनीन, मातीबी आनीन. त्याबिगर माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकनार न्हाई."

गर्दीत तिची सासू पुतळाबाई होती. डोळ्यांनी अधू, घरात ठकाईशिवाय दुसरे कुणी नाही. तिने कुणाची वाट बघितली नाही. "माज्या गोठ्याची आधी उकरा," ती म्हणाली आणि शेजारणीचा हात धरून गावाच्या वाटेला लागली.

मग मात्र जे सुरू झाले त्याला तोड नाही, असे सांगतात. सगळे गाव पळत सुटले. घराघरांतून कुदळींचे आवाज येऊ लागले. पाट्या पुरेनात तेव्हा सुपे आली, घमेली आली, पाळण्याच्या झोळ्या आल्या. बायकांनी ओच्यात माती घेतली. गावापासून स्टेशनापर्यंत पाव कोस अंतर. तेवढी माणसांची रांग लागली आणि हातोहात माती पुढे सरकू लागली. पाटलांच्या घरची माणसे आणि गावकुसाबाहेरची माणसे त्या रांगेत एकाआड एक उभी होती, आणि कुणाचा हात कुणाला लागतो आहे हे बघायला कुणाला सवड नव्हती. एक डबा झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. ठकाई प्रत्येक डब्यात माती पायांनी दाबत पुढे जात होती. तिचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते.

आठवा डबा भरत होता तेव्हा लांब मेलची शिट्टी ऐकू आली.

रांग जागच्या जागी थबकली. बारा वाजले होते. गार्ड हिरवे निशाण घेऊन निघाला. मास्तर सिग्नलच्या दांड्यापाशी उभे होते. त्यांनी दांड्याला हात लावला नाही, तेव्हा स्टेशनाबाहेरचा सिग्नल तसाच आडवा राहिला. मेल माळावर येऊन थांबली आणि शिट्टीवर शिट्टी देऊ लागली.

"मास्तर, मला हे वर कळवावं लागेल," गार्ड म्हणाला.

"कळवा," रेगो मास्तर म्हणाले. "मीही रजिस्टरात लिहितो."

त्यांनी लिहिले, मेल थांबवण्याचे कारण, रुळावर गुरे. आणि ते खोटे नव्हते. धक्क्यापासून मागच्या रुळापर्यंत खरोखरच एकशे पन्नास गुरे उभी होती.

मेलमधले उतारू काय झाले ते बघायला खाली उतरले आणि रुळारुळाने चालत आले. समोरचा प्रकार बघून आधी ते उभे राहिले. मग त्यांतली काही माणसे रांगेत शिरली म्हणे. एक वकीलसाहेब होते, त्यांना पाटी मिळेना, तर त्यांनी डोक्यावरची पगडी काढून तीत माती भरली. हे खरे की मागून कुणी जोडले, देव जाणे. पण तात्याबा ते कधी गाळत नाहीत, आणि ऐकणारेही गाळू देत नाहीत.

तेरावा डबा झाला. ठकाईने सगळ्यांना धक्क्यावरून खाली जायला सांगितले. दोऱ्या सोडा म्हणाली, काठ्या टाका म्हणाली. पाटलांनी हातातली काठी टाकली. ती एकटी पहिल्या डब्यात जाऊन मातीवर बसली. सगळीकडे शांत झाले. इंजिनवाल्यानेही वाफ दाबून धरली. आणि भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, तिने दिवस मावळतानाची हाक दिली.

"येऽ हो, येऽ. चला घराला. येऽ हो."

चांदी गाय आधी हलली. धक्का चढली, दारात थांबली, मान खाली केली. गायीने मातीचा लांब वास घेतला, एकदा फुरफुरली आणि आत जाऊन ठकाईपाशी उभी राहिली. तिच्यामागे पाटलांचा बैल गेला. मग धक्क्याला रीघ लागली. शिंग निघालेला खोंडही आपल्या पायांनी चढला. डबा भरला की ठकाई पुढच्या डब्यात जाई आणि पुन्हा हाक देई. एकशे पन्नास जनावरे चढायला तेवढाही वेळ लागला नाही, जेवढा पहिल्या बैलाला आवरायला लागला होता. शेवटचे दार लागले तेव्हा गावकरी आणि मेलचे उतारू मिळून असे ओरडले की मेलच्या इंजिनवाल्याला वाटले, सिग्नल पडला, वाट मोकळी झाली.

पुतळाबाईने चाचपडत डब्यापाशी येऊन आपल्या गेलेल्या मुलाची घोंगडी आत दिली. "आत्याबाई, जपून ऱ्हावा," ठकाई म्हणाली. गाडी निघाली.

त्यानंतर पाच महिने गावाला काही कळले नाही. रेगो मास्तरांची त्याच महिन्यात लांब कुठेतरी बदली झाली. का झाली ते त्यांनी सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. नव्या मास्तरांना काही ठाऊक नव्हते. पाऊस झाला, पेरणीचे दिवस आले, आणि गोठे खणलेले, रिकामे. बैलांच्या जागी माणसेच पाभर ओढू लागली. कुणी म्हणे गुरे रोगात गेली, कुणी म्हणे ठकाईने ती विकली. पुतळाबाई रोज संध्याकाळी गावाच्या तोंडाशी जाऊन बसायची. तिला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

तिकडे जंगलात ठकाईने पहिल्याच दिवशी एक काम केले होते. डब्यांतली माती पार फळ्या घासून तिने खाली ओढली आणि एका मोठ्या छपराखाली रचून ठेवली. तिच्यावर ती स्वतः झोपायची. पाऊस लागल्यावर परतीच्या डब्यांसाठी तिने खेटे घातले तेव्हा कळले, डबे येण्यापुरतेच होते. जाताना पायी जायचे. आता वाटेत चारा होता, ओढे भरले होते, गुरांना अडचण नव्हती. पण तेरा डब्यांची माती?

ती दोन दिवस विचार करत बसली, असे सांगतात. मग तिने जंगलातल्या बायकांकडून फाटकीतुटकी लुगडी मागून आणली, सासूने दिलेली घोंगडी फाडली आणि गाठोडी बांधायला बसली.

आणि एक दिवस, तिसऱ्या प्रहरी, वेशीपाशी बसलेल्या पुतळाबाईने मान वर केली. "घुंगरं," ती म्हणाली. कुणाला विश्वास बसला नाही. मग माळाच्या कडेवर पांढरी रेघ दिसली. रेघ जाड होत गेली, तिला शिंगे फुटली. गाव पुन्हा एकदा पळत सुटले, या खेपेला दुसऱ्या दिशेने. पुढे ठकाई होती, उन्हाने रापलेली, अनवाणी, डोक्यावर पाटी. मागे गुरे, अंगाने भरलेली, चकचकीत, पायांत नवी वासरे. आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक गाठोडे. एकशे एक्केचाळीस जनावरे परत आली, नऊ तिकडेच राहिली. त्या नऊंच्या वाटची माती चांदी गायीने, पाटलांच्या बैलाने आणि आणखी सात जनावरांनी दुहेरी गाठोड्यांत वाहून आणली होती. सगळी माती काही आणणे झाले नव्हते. पण ज्याची माती आलीच नाही असा एकही गोठा नव्हता, कारण ढिगाऱ्यात ती सगळी कालवली गेली होती.

आणि तिथेच पेच पडला. ठकाईने गाठोडी ज्या धक्क्यावरून गुरे चढली होती त्याच्या शेजारी उतरवली आणि म्हणाली, "पाटील, ज्याची त्याला द्या." पाटील वाकले, मूठभर माती घेतली, बोटांनी चाळली, नाकाला लावली. मग त्यांनी ती शेजारच्या माणसाच्या हातावर ठेवली. त्याने पुढच्याच्या. मूठ अशी सगळ्या गावात फिरली. आपली कोणती ते एकालाही सांगता आले नाही. पाटलांच्या वाड्यामागची आणि गावकुसाबाहेरची, एकच झाली होती.

"आता ही घरात न्यायची न्हाई," पाटील शेवटी म्हणाले. "न्हेली तर कुणाचं तरी कुणाकडं जाईल. हितंच ऱ्हाऊ दे. हितं समद्यांची."

त्यांनी पहिले गाठोडे स्वतः सोडून तिथे ओतले. मग बाकीच्यांनी. गुडघाभर ढीग झाला. गुरे मात्र ओळखत होती. ती त्या ढिगाभोवती फिरली, हुंगली आणि मग ठकाईच्या हाकेची वाट न बघता आपापल्या दारांकडे चालू लागली.

ठकाई सगळ्यांत शेवटी आपल्या घरी गेली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "आत्याबाई, गुरं आनली. पर माती गोठ्यात आली न्हाई. माझा शबूद पुरा झाला का न्हाई, मला कळत न्हाई." पुतळाबाई चुलीपुढे होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

"गावात आली न्हवं? मग झालं," ती म्हणाली. "ये आत. भाकर निवतीया."

इथे तात्याबा थांबतात. त्या गुडघाभर ढिगाची दीड पुरुष टेकडी कशी झाली, ते कुणी विचारतेच. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, गावातले प्रत्येक घर आपल्या गोठ्यातली एक पाटी माती तिथे आणून टाकते. ज्यांच्याकडे आता गुरे नाहीत, ते शेजाऱ्याच्या गोठ्यातून मागून आणतात आणि कुणी नाही म्हणत नाही. टेकडीवर कुणी वहाण घालून चढत नाही.

रेल्वेने गुरे न्यायचे दिवस केव्हाच सरले. गाड्या आता तरसखडीला धड थांबतही नाहीत. बाजाराची जनावरे टेम्पोने जातात. परवा पाहुण्यांना हे सांगणे चालू असतानाच एक टेम्पो माळावर येऊन उभा राहिला. मागे एक कालवड होती, शेजारच्या तालुक्यात दिलेली. ती नवा मालक घेऊन निघाला होता. टेम्पोवाला पुण्याकडचा, तरुण, कानात गाण्याची वायर. त्याला या गावाची काही माहिती असायचे कारण नव्हते. पण तो खाली उतरला, बूट काढले, टेकडीवरून दोन ओंजळी माती आणली आणि कालवडीच्या पायांखाली पसरली. पाहुण्यांनी विचारले, हे कुणी सांगितले?

"हिच्या मालकिणीनं," तो म्हणाला. "कबूल केल्याशिवाय दावं हातात देत नव्हती."

आजही तरसखडीतून जनावर असेच जाते. कालवड इतका वेळ हंबरत होती. तिने मान खाली केली, माती हुंगली आणि ती खाली बसली. टेम्पो हळूच रस्त्याला लागला.